अठरा फुटांचा उतार

आमच्या शाळेच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या आहेत. एकेक पायरी सहा इंचांची, म्हणजे एकूण उंची दीड फूट. इतरांना ती कळतही नाही. मी चाकाच्या खुर्चीवर बसते, म्हणून मला पाठ आहे.

पूर्वी एक उतार होता, पण अवघा 6 फूट लांब. घसरगुंडीच म्हणा ना! दोघे मोठे धरायला असले तरच मी वर-खाली जाई. सारखे कुणाला हाक मारायची? म्हणून मी शाळेत पाणीच पीत नसे. आई रागवायची.

यंदा गावच्या तरुण मंडळाने श्रमदान ठरवले. गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला : 1 फूट चढायला 12 फूट उतार हवा, मग दीड फुटाला किती? तिसरीतली पोरेसुद्धा ओरडली, "अठरा!" दिव्यांगांना शाळेत सहज जाता आले पाहिजे, असे 2016 च्या कायद्यातच आहे, असेही गुरुजींनी सांगितले.

मंडळातल्या दादांनी वाळू-खडी वाहिली. गवंडीकाकांनी मजुरी घेतली नाही. पावसात चाक घसरू नये म्हणून त्यांनी ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. दोन्ही बाजूंना कठडे बसवले.

आता मी एकटी वर जाते. पहिल्या दिवशी हात भरून आले, तरी कुणाला ढकलू दिले नाही.

एक काम मात्र राहिले आहे. मुलींच्या शौचालयाचे दार दोन फूट आणि माझी खुर्ची सव्वादोन फूट. काकांनी माप घेतले आहे. दिवाळीच्या सुट्टीत चौकट काढू म्हणाले. तोवर पाणी जपूनच.

— इयत्ता सहावीतील एक विद्यार्थिनी