पट्टीवरचीं बारीक अक्षरें

बांद्याच्या आमच्या घराचें मागील दार उघडलें कीं तेरेखोल नदी दिसते. मनोहरगडाकडील डोंगरांतून उतरून ती बांद्यावरून वाहते आणि तेरेखोलच्या किल्ल्यापाशीं समुद्रास मिळते. २०१९ च्या ऑगस्टांत हिनेंच आमच्या बाजारपेठेंत शिरून दुकानेंच्या दुकानें धुऊन नेलीं. अशा नदीच्या शेजाऱ्यास पाणी काय चीज आहे हें निराळें शिकवावें लागूं नये. पण शेजाराचाही एक गर्व असतो, आणि तो आम्हांस कसा नडला तेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

गेल्या दिवाळींत पुतण्या पुण्याहून आला तो एक कयाक घेऊन. कयाक म्हणजे एका माणसानें बसून दुतोंडी वल्ह्यानें वल्हवावयाची लांबट, अरुंद होडी. ही हवा भरून फुगविण्याची होती. दुकानदारानें "लहान मूलसुद्धां चालवील" असें सांगून वर एक नारिंगी जाकीट फुकट दिलें होतें. सर्व मंडळी मोटारींतून आरोंद्यास गेलों. तेथें खाडी रुंद आणि दिसावयास निवांत. वहिनींनीं एकदां विचारलें, "भावोजी, पाणी शांत आहे ना?" आम्हीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "वहिनी, ही आमची नदी आहे. लहानपणापासून पाहतों आहों."

पाहत होतों हें खरें. पण त्या दिवशीं ओहोटी केव्हां लागणार हें पाहिलें नव्हतें. वीस मिनिटांत पाणी समुद्राकडे ओढूं लागलें. समोरून दुपारचा वारा सुटला. वारा एकीकडे आणि ओढ दुसरीकडे, त्यामुळें लाटा उभ्या राहूं लागल्या. तशांत कयाकचा एक सांधा उसवून डावी बाजू मऊ पडली आणि मुलगा पाण्यांत गेला. जाकिटास मांड्यांखालून घेण्याचा पट्टा नव्हता. तें वर सरकून त्याच्या कानांशीं आलें आणि तोंड पाण्यांत जाऊं लागलें. काठावर वहिनींनीं फोडलेली हांक आम्हांस अजून ऐकूं येते.

जाळें ओढून परतणाऱ्या एका वृद्ध मच्छीमारानें त्यास आपल्या होडींत घेतलें. मुलास काठावर उतरवून तो आम्हांस एवढेंच म्हणाला, "अण्णानू, सुकतीच्या येळार पोराक पाण्यात धाडलास कित्याक?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

रात्रीं घरांत कोणास झोंप नव्हती. थोरले बंधू वकिली करीत असत. त्यांनीं तें जाकीट कंदिलाखालीं धरावें तसें दिव्याखालीं धरलें. आंतल्या पट्टीवर इंग्रजींत मुंगीएवढीं अक्षरें होतीं: हें जीवरक्षक साधन नव्हे, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच वापरावें. अण्णा संतापले. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याचें ८६ वें कलम त्यांनीं वाचून दाखविलें. उत्पादकानें दिलेल्या सूचना विक्रेत्यानें ग्राहकास पोंचविल्या नाहींत आणि त्यामुळें इजा झाली, तर विक्रेता जबाबदार ठरूं शकतो. पण लगेच त्यांनींच पुढचें ८७ वें कलमही वाचलें. वस्तूचा गैरवापर झाला असल्यास विक्रेत्यावर दावा चालत नाहीं. आणि जो धोका उघड आहे किंवा वापरणारास ठाऊक असावयास हवा, त्याची सूचना न दिल्याचा दोष उत्पादकावर येत नाहीं.

इतका वेळ गप्प बसलेल्या आई म्हणाल्या, "दुकानदारानें सांगितलें असतें, तर तुम्हीं ऐकलें असतें काय?"

त्या प्रश्नानें आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतों. विचार करतां करतां इंग्लंडांतील एक प्रकरण आठवलें. २२ मार्च १९९३ रोजीं लाइम बे येथें प्लिमथच्या एका शाळेचे विद्यार्थी कयाक घेऊन समुद्रांत गेले आणि त्यांतील चार बुडाले. जी कंपनी त्यांस घेऊन गेली होती, तिच्या पूर्वीच्या शिक्षकांनीं सुरक्षिततेच्या उणीवा तिला आधींच पत्रानें कळविल्या होत्या. १९९४ सालीं ती कंपनी व तिचा संचालक सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. संचालक तुरुंगांत गेला आणि १९९५ सालीं तेथें मुलांच्या साहसकेंद्रांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्या मुलांनीं काय जाणावयाचें होतें? जाणण्याची विद्या विकणारापाशींच होती.

आपल्याकडेही १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. २४ मे २०२२ रोजीं आमच्याच जिल्ह्यांत तारकर्लीस समुद्रतळ पाहून परतणाऱ्या वीस पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले. आषाढांतला दर्या खवळलेला असतो हें प्रवाशास दिसतें. पण बोट कितपत तग धरील हें तिकीट काढणारास दिसत नाहीं.

येथें आम्हांस वाटतें कीं विवेकाचा एक साधा दंडक सांपडतो. जें ज्यास दिसतें, त्याचा भार त्याच्यावर. सांधा कच्चा आहे, जाकीट शोभेचें आहे, हें दुकानदारास दिसत होतें किंवा दिसावयास हवें होतें. तें न सांगतां "लहान मूलही चालवील" म्हणणें हा सौदा नव्हे, फसवणूक आहे. ओहोटीची वेळ मात्र पुण्याचा दुकानदार सांगूं शकत नव्हता. ती आरोंद्याच्या काठावर उभ्या असलेल्या आम्हांसच दिसावयास हवी होती.

आणि जबाबदारी ही वडिलार्जित जमिनीसारखी नव्हे, कीं एकास वांटा अधिक गेला म्हणजे दुसऱ्याचा तेवढा कमी व्हावा. ती एकत्र कुटुंबाच्या कर्जासारखी आहे. तें सर्वांचें मिळून असलें तरी सावकार दारीं येतो तेव्हां जो समोर सांपडेल त्याच्याकडून सगळें मागतो. पाणी असा सावकार आहे. दोष दुकानदाराचा कीं काकाचा, हें न विचारतां तें मुलगा मागतें.

अण्णांनीं दुकानदारास पत्र धाडलें. पैसे परत आले. तें जाकीट इतरांस विकणें बंद केलें कीं नाहीं, या प्रश्नास उत्तर आलें नाहीं, म्हणून अण्णांनीं ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालविली आहे. तें योग्यच आहे, कारण उद्यां तीच वस्तू दुसऱ्या कोणाच्या पोराच्या अंगावर चढेल.

आमचा वांटा आम्हीं निराळा फेडावयास घेतला आहे. मागील दारामागें तें नारिंगी जाकीट पट्टी बाहेर करून टांगलें आहे, आणि शेजारीं भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद. दर पंधरवड्यास तो आम्ही स्वहस्तें लिहितों. परवां पुतण्याचें पत्र आलें. तो पोहण्याच्या तलावावर रीतसर कयाक शिकतो आहे आणि मे महिन्यांत येईन म्हणतो. पत्राच्या शेवटीं विचारलें आहे, "काका, त्या दिवशीं ओहोटी किती वाजतां आहे?"

वहिनींनीं तें वाक्य दोनदां वाचलें, आणि पत्र आमच्याकडे दिलें.