सुई मध्ये आली का?

ऐंशीच्या दशकात शिरगावच्या घरात आम्ही चुलत-आते भावंडं वाढलो, तेव्हा कॅमेरा म्हणजे आगफाचा क्लिक थ्री. एका रोलवर बारा फोटो, ऊन असलं की बटण दाबायचं. मग बोटीवर नोकरीला असलेल्या धाकट्या काकांनी पेंटॅक्स के-1000 आणला आणि आमची खरी शाळा सुरू झाली.

हा कॅमेरा स्वतःहून काहीच ठरवत नसे. फोकस, शटर, ॲपर्चर, सगळं हातानं. बॅटरी लागायची ती फक्त उजेड मोजायला. डोळा लावला की उजव्या कडेला एक बारीक सुई दिसे. शटरचा आकडा किंवा लेन्सवरची कडी फिरवून ती मधोमध आणायची. "सुई मध्ये आली का?" हा प्रश्न मग घरात सगळ्यांच्याच तोंडी बसला. ओटीवर नऊवारीत ताठ बसलेली आजीसुद्धा तो विचारायची. मीटरला बंद करायचं बटण नव्हतं. लेन्सवर टोपी असली तरच बॅटरी वाचे. त्यामुळे "टोपी घाला रे" हा आत्याचा दिवसभराचा घोष.

काका बोटीवर परत गेले की शिकवणी थोरल्या ताईकडे. तिची एक वही होती. फोटो काढला की लगेच नोंद: "7 – किल्ला, दरवाजा, 60, एफ 4." छत्तीस फोटो संपले की रोल पालघरच्या स्टुडिओत जाई. प्रिंट हाती आल्या की त्या ओटीवर ओळीनं मांडायच्या आणि वहीशी ताडून बघायच्या. एफ 2 ला आजीचा चेहरा स्वच्छ आणि मागची वाडी विरघळलेली. एफ 16 ला आजीही स्पष्ट आणि मागच्या माडाची झावळीन् झावळीही. आकडा लहान तितकं भोक मोठं, हे उलटं गणित पुस्तकातून कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं. त्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या आणि सगळ्यांना एकदम कळलं.

शिरगावचा किल्ला तर आमचा सरावाचा आखाडाच. 1739 साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, हे शाळेत शिकलो होतो. पण दरवाजातली सावली आणि आतलं ऊन यांत केवढं अंतर आहे, ते सुईनं दाखवलं. आतलं ते फांद्या फुटलेलं ताडाचं झाड आकाशाच्या पार्श्वभूमीवर किती वेळा टिपलं असेल!

समुद्रावर मात्र सुईवर विसंबून चालत नसे. ओहोटीला पाणी लांब जातं, ओली वाळू चकाकते. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो; एवढा लखलखाट दिसला की तो उजेड कमी करायला सांगतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. काकांचा उपाय साधा होता: आपला तळहात त्याच उन्हात धरून मोज, मग ॲपर्चर एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, उघड. सातपाटीला बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचे फोटो असेच मोजून काढलेत. भर उन्हात सुद्धा त्यांचे डोळे दिसतात. माझ्या मते आमच्या घरातले सगळ्यात चांगले फोटो तेच.

आता भाच्याच्या हातात मिररलेस कॅमेरा आहे. तो माणसाचा डोळा स्वतः शोधतो. तरी पहिले काही आठवडे एम वर, म्हणजे सगळं हातानं ठरवायच्या मोडवर, ठेवूनच शीक, असं आम्ही त्याला आग्रहानं सांगितलं, आणि तो ऐकतो आहे.

एक सांगणं तुम्हालाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते आणि ती खालचा थरच खाते. तुमच्या कपाटात जुने रोल असतील तर यंदाच्या पावसाआधी स्कॅन करून घ्या, आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. ती सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच.