ताईच्या अंगणातला मॅग्नोलिया

मार्चच्या अखेरीस आपल्याकडे उन्हाची काहिली सुरू झालेली असते, तेव्हा लंडनच्या उपनगरांत एक विलक्षण दृश्य दिसते. झाडावर पान एकही नाही आणि फांदीच्या टोकाटोकाला ओंजळीएवढे पांढरे-गुलाबी फूल उमललेले. हा मॅग्नोलिया. हॅरो भागात माझी थोरली बहीण राहते. तिच्या गल्लीतून चालताना दर चार-पाच घरांआड असे एखादे झाड सामोरे येते.

हे झाड आपल्याला अगदीच परके नाही. आपला सोनचाफा आणि कवठी चाफा याच कुळातले. सोनचाफ्याला तर वनस्पतिशास्त्रज्ञ आता मॅग्नोलियातच गणतात. देवळापाशी दिसणारा पांढरा चाफा मात्र त्यांचा कोणी नव्हे. गंमत अशी, की त्या चाफ्याचे 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव ज्यांच्यावरून पडले, त्या शार्ल प्लुमिए यांनीच 1703 साली 'मॅग्नोलिया' हे नाव योजले, ते माँपेलिए येथील पिएर मान्योल यांच्या गौरवार्थ. मान्योल वैद्यकाचे पदवीधर होते, हे कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला.

पण मी तेथे गेलो तेव्हा घरात या झाडावरूनच वाद पेटलेला होता. भाऊजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन हिवाळ्यांपूर्वी ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, काठी घेऊन ते हिंडूफिरू लागले. तथापि ताईने मागच्या अंगणाच्या दाराला कुलूप घातले ते घातलेच. आता भाऊजींना अंगणात मॅग्नोलिया लावायचा होता. "तू डॉक्टर आहेस, तूच सांग त्यांना, हे आता जमणार नाही म्हणून," ताई मला म्हणाली. दवाखान्यात असे सांगायला मला क्षणही लागत नाही. त्या दिवशी जीभ रेटेना.

मी प्रथम रक्तदाबाचे यंत्र मागितले. पाच मिनिटे निजवून मोजला, तो वरचा 142 आला. उभे केल्यानंतर तिसऱ्या मिनिटाला 114. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 इतका उतरला, तर घेरी येऊन पडण्याचा धोका असतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब असा मोजून पाहिला आहे का? बहुधा तो बसवूनच मोजला जातो. भाऊजींना प्रोस्टेटसाठी एक रात्रीची गोळी सुरू होती, रक्तदाबाची जुनी गोळी होतीच. मी स्वतः काही बदलले नाही. आपणही मनाने गोळी बंद करू नये. आकडे कागदावर लिहून दिले, ताई तो कागद त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि मात्रा बदलली. आठ दिवसांनी पुन्हा मोजले, तेव्हा फरक जेमतेम 10 उरला होता. अंगणाने पाडले नव्हते, हे ताईला तेव्हा पटले. पूर्ण पटले असे नाही.

मग आम्ही तिघे क्यू येथील वनस्पती उद्यानात गेलो. तेथे जागोजागी बाक आहेत, म्हणून थकलेल्या माणसालाही बाग भोगता येते. भाऊजींच्या मनात होता तो तरुणपणी दार्जिलिंगला पाहिलेला कॅम्बेली मॅग्नोलिया, मोठ्या गुलाबी फुलांचा. पण तो बियांपासून वाढवला, तर पहिले फूल यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. ते बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने मला विचारले, "तुझ्या हिशेबाने माझे वसंत किती उरले?" ताई पाठमोरी उभी होती. मी म्हणालो, "भाऊजी, लवकर फुलणारे झाड घेऊ या." दुसरे उत्तर मला सुचले नाही.

आणला तो तारका मॅग्नोलिया, मूळचा जपानचा. तो सावकाश वाढतो, दोन-अडीच मीटरांचे झुडूप होतो आणि गुडघ्याएवढा असतानाच फुलतो. खड्डा शेजारच्या मुलाने खणला. भाऊजी पाठीच्या खुर्चीवर बसून सूचना देत होते. खड्डा कुंडीतल्या मातीच्या उंचीइतकाच खोल, रुंदी मात्र दुप्पट-तिप्पट. लंडनची माती चिकण, म्हणून तीत कुजलेला पालापाचोळा मिसळला. मॅग्नोलियाची मुळे मांसल, ठिसूळ आणि वरच्या थरातच पसरणारी असतात. एकदा लावला की भोवती कुदळ मारायची नाही. वर पाचोळ्याचे आच्छादन घालायचे, तेही खोडाला न चिकटवता. वाकणे-खणणे ज्यांना वर्ज्य, त्यांना याहून सोयीचे झाड कोणते? छाटणीही जवळपास नाहीच. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढची फुलेच जातात, कारण कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, लवदार आवरणात मिटलेल्या.

आपल्याकडच्या सपाटीवर हे झाड नको. उन्हाने हाल होतील. कलमी सोनचाफा मोठ्या कुंडीतही फुलतो, तो लावावा. कुंडी कमरेच्या उंचीवर, शेजारी हाताची खुर्ची, मातीत हात घालताना हातमोजे आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पाणी घालण्यासाठी लहान झारी, कारण भरलेली बादलीच अनेकांना तोल घालवते.

माझ्या परतीच्या आदल्या रात्री हवामान खात्याने दहिवराचा इशारा दिला. दहिवराने झाड मरत नाही, पण उमललेली फुले करपून तपकिरी होतात. भाऊजी चादर शोधू लागले. ताईने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवले, स्वतः नऊवारीवर त्यांचा जाड कोट चढवला, कपाटातली जुनी चादर काढली आणि ती कुलूप उघडून अंधारात गेली. काचेपलीकडून भाऊजी विजेरीचा झोत धरून होते. सकाळी पाहिले, तर तीन फुलांच्या कडा काळवंडल्या होत्या. बाकीची पांढरीशुभ्र होती. दाराला कुलूप नव्हते.