आमच्या घरची लढाई

मला संगणकाचा नाद आहे. पानतंबाखू नाही, पत्ते नाहीत, मळ्यात जाऊन पार्ट्या झोडणे नाही, पण सौ.चे मत असे, की यांतले एखादे व्यसन स्वस्तात पडले असते. मागच्या खोलीत मी जुनी यंत्रे उघडून बसतो. त्या खोलीला तिने ‘भंगारखाना’ असे नाव दिले आहे. त्यातून आमचे गाव हिमायतनगर. याच नावाचा एक मोहल्ला हैदराबादेतही आहे, आणि मी मागवलेला सुटा भाग पुष्कळदा आधी तिकडची हवा खाऊन मगच आमच्या या मुदखेड-आदिलाबादच्या आडवाटेला लागतो.

नादाची सुरुवात 1988 साली झाली. पुण्याच्या मामांनी, त्यांच्या मुलाला नकोसा झालेला ‘डीबी स्पेक्ट्रम’ माझ्या हवाली केला. विलायतेच्या सिंक्लेअर यंत्राची ही परवान्याने काढलेली भारतीय आवृत्ती. स्मृती सारी 48 किलोबाइट. आजच्या मोबाइलमधला एक बरा फोटोही तीत मावायचा नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि वाट पाहायची. खेळ यंत्रात उतरेपर्यंत पाच-पाच मिनिटे असा कर्कश आवाज निघे, की आजी स्वयंपाकघरातून ओरडे, “काय करूलालास रे लेकरा? कुणाचा गळा दाबूलालास?”

त्या कॅसेटींत एक खेळ होता, ‘रेड ओव्हर मॉस्को’. आपण अमेरिकन वैमानिक व्हायचे आणि मॉस्कोवर चालून जायचे. या खेळावरून 1985 साली फिनलंडच्या संसदेत प्रश्न निघाला होता, हे मला फार पुढे कळले. आमच्या ओसरीवरच्या संसदेत तो वडिलांनी काढला. “ज्यांच्या पुस्तकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं घालून तू शाळा शिकलास, त्यांच्याच गावावर बाँब टाकतोस होय?” यावर मला उत्तर सुचेना. मी मुकाट्याने कॅसेट बदलली. पुढे कॉलेजात टेट्रिस नावाच्या विटा रचण्याच्या खेळाने माझी एक अख्खी परीक्षा खाल्ली. तो खेळ 1984 साली मॉस्कोतल्याच पाजितनोव्ह नावाच्या गृहस्थाने रचलेला. वडिलांना ते सांगितले, तर म्हणाले, “चला, फिट्टंफाट झाली!”

राष्ट्रांच्या भांडणांतून आपले काही बिघडते, असे त्या वयात मला वाटतच नसे. उलट लाभच दिसे. अमेरिकेने क्रे जातीचा महासंगणक द्यायला खळखळ केली; ज्या यंत्रावर पावसाचे गणित मांडता येते, त्यावर क्षेपणास्त्राचेही मांडता येते, ही तिची शंका. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या हाताखाली 1991 साली ‘परम’ उभा राहिला. आमचे ग्रामदैवत श्रीपरमेश्वर. नावातले हे साम्य काही सरकारने आम्हांला विचारून ठेवलेले नव्हते. तरी घरचे कार्य निघावे तशी ती बातमी मी गावभर सांगत फिरलो.

माझे डोळे उघडले ते चिरंजीवांमुळे. 2018 साली पब्जी मोबाइलवर आला आणि पोरगा त्यात बुडाला. शंभर जणांनी एका बेटावर उतरायचे, एकमेकांना टिपायचे, उरेल तो जिंकला. चौघाचौघांच्या टोळ्या. आमच्या टोळीत एक हदगावचा, एक किनवटचा आणि चौथा थेट लाहोरचा! आमच्या पोराची ‘नक्को’, ‘हौ’ अशी दखनी ऐकून तो पोट धरून हसे. हे मला ठाऊक होते. पण पाहुण्यारावळ्यांत बोलण्याजोगे ते नव्हते, कारण माझा भाचा सैन्यात होता.

मग 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामा घडले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान त्यात गेले. भाचा तेव्हा काश्मीरमध्येच. बालाकोटवर विमाने गेली, आणि त्या दिवसापासून त्याचा फोन लागेना. माझी थोरली बहीण, ताई, आमच्याकडे येऊन राहिली होती. जेवण नाही, झोप नाही. नुसता मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली. आणि 27 तारखेच्या रात्री पाहतो, तर चिरंजीव कोपऱ्यात, कानांत वायरी घालून, खेळताहेत! माझा तोल गेला. तरातरा जाऊन मी त्याच्या मोबाइलमधली वायर उपटली.

वायर निघाली तसा आतला आवाज एकदम खोलीभर झाला. “यार, तेरे भाई का फोन आया?”

खेळ सुरूच नव्हता. पडद्यावर चार शिपाई नुसते उभे होते.

पोराला काही बोलवेना. शेवटी मीच मोबाइलजवळ वाकून म्हणालो, “नै आया बेटा. अब्बीतक नै.”

पलीकडे जरा शांतता. मग, “आ जाएगा, अंकल.”

“कोण आहे रे?” ताईने विचारले.

“दोस्त आहे, आत्या.”

“कुठला?”

पोराने माझ्याकडे पाहिले. मी वायरीचे टोक गुपचूप पुन्हा मोबाइलमध्ये खोचले. भाच्याचा फोन त्यानंतर तिसऱ्या दिवशी आला.

पुढल्या वर्षी जूनमध्ये गलवानला वीस जवान पडले, आणि 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने 118 अ‍ॅप बंद केली. पब्जी त्यांत होता. खेळ कोरियाचा, पण मोबाइलवर आणण्यात हात चिनी कंपनीचा. बंदी मला तेव्हाही पटली, आजही पटते. फक्त त्या लाहोरच्या पोराचा पत्ता कुणापाशीच नव्हता. त्याचे खरे नावसुद्धा नाही. खेळातले टोपणनाव तेवढे. 2021 साली खेळ नव्या नावाने परतला, पण तो केवळ भारतापुरता. टोळीतली चौथी जागा भोकरच्या एकाने घेतली.

2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि भाचा पुन्हा सीमेवर. चहाच्या हॉटेलात मंडळी मोबाइलवर पडणारी विमाने पाहून टाळ्या पिटत होती. माझ्या सवयीच्या डोळ्यांना तो ‘आर्मा’ नावाचा चेक कंपनीचा खेळ असल्याचे लगेच दिसले. असली दृश्ये लढाईची म्हणून फिरवू नका, असे त्या कंपनीनेच 2022 साली सांगितले होते. हे बोलून दाखवताच एकाने मला सुनावले, “मास्तर, तुम्हांला देशाचं काही आहे का नाही?” मी अर्धा चहा तसाच ठेवून घरी आलो.

ताई टीव्हीसमोर बसली होती, मांडीवर मोबाइल. लाहोरची विमानविरोधी यंत्रणा निकामी केल्याची बातमी चालू होती.

“लाहोर म्हणजे,” ती म्हणाली, “आपल्या पोराचा तो दोस्त तिथलाच ना रे?”

सहा वर्षांत आम्ही कुणीही तिला ते सांगितलेले नव्हते. मी मान हलवली. तिने टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला.

“त्याची माय बी जागीच असंल,” ती म्हणाली.