चौदा सुयांची नात

अमरावतीच्या इर्विन दवाखान्यात सोमवारी सकाळी ती फ्रीजमधून बाहेर येते. करंगळीएवढी बाटली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. सिस्टर तिच्यात पाणी सोडतात, बाटली हलकेच फिरवतात, की ती जागी होते. तिथून पुढे तिच्यापाशी सहा-आठ तासच. बाहेर वऱ्हाडातला मे महिना, अकोल्यात पारा ४५च्या वर, आणि हिला सोसतात फक्त २ ते ८ अंश. नाजूक आहे खरी. पण पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाचा सगळा भरवसा या लसीवरच असतो.

"पोटात चौदा सुया घ्या लागते काय जी?" रांगेतली म्हातारी विचारते.

हा प्रश्न हिच्या आजीचा आहे. आजी, म्हणजे रेबीजची जुनी लस, जन्मली १९११ साली कसौलीत, डेव्हिड सेंपल यांच्या हातून. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलनं मारायचा आणि मेंदूचं ते गढूळ पाणी रोज पोटाच्या कातडीखाली टोचायचं. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती बनत असे. मी लहानपणी घेतली आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पोटाला सदऱ्याचा स्पर्शही नको व्हायचा. आजीनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं वाचवली. तिची एक खोड मात्र जीवघेणी होती. मेंदूबरोबर मज्जातंतूंचं आवरणही शरीरात जाई, आणि त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती एखाद्या वेळी स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडे. कुत्र्यातून वाचलेल्या माणसाचे पाय लसीनं लुळे पडत. २००४च्या अखेरीस भारतानं तिला निरोप दिला. उशीरच झाला, असं मला मनापासून वाटतं. कारण अमेरिकेतल्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्हस्की आणि ताडेउश विक्टर यांनी मेंदूशिवाय, नुसत्या पेशींवर विषाणू वाढवण्याची वाट १९६०च्या दशकातच शोधली होती.

त्या वाटेनं आली ही नात. माकडाच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या वेरो पेशींवर वाढलेली, स्वच्छ, दंडात बसणारी.

तिचा वैरी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, अवघ्या पाच प्रथिनांचा. तो रक्तातून हिंडत नाही. चाव्यापाशी मज्जातंतूत शिरतो आणि आतल्या आत मेंदूकडे सरकत राहतो, कधी काही आठवडे, कधी कित्येक महिने. शरीराच्या पहारेकऱ्यांना चाहूलच लागत नाही. पाण्याची भीती दिसू लागली, की हिच्याही हातात काही उरत नाही. म्हणून ही मेलेला विषाणू आधीच दंडात नेऊन दाखवते: हा बघा, ओळखून ठेवा. शरीराला ती ओळख पटून प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात खोल जखमेतला वैरी पुढे निघू नये म्हणून तयार प्रतिपिंडं थेट जखमेतच भरतात. तसं एक औषध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१७ साली आणलं. आणि या सगळ्याच्याही आधी साबण. विषाणूचं वरचं वेष्टण चरबीचं असतं, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली की ते फुटतं. घरात साबणाची वडी असताना चुना नि तिखट भरून आलेली जखम पाहिली की जीव तुटतो.

हिची आठवण फार पक्की. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत शिकणाऱ्यांनी, जनावरांच्या तोंडात हात घालणाऱ्या कुणीही, हिला आधीच भेटून ठेवायचं असतं. मग पुढे कधी कुत्रं चावलं, तरी पहिल्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक अशा दोनच सुया पुरतात. शरीर जुनी ओळख विसरलेलं नसतं.

कातडीत टोचायच्या पद्धतीनं १ मिलीची एक बाटली पाच जणांना पुरते. म्हातारीचा नंबर पाचवा.

"पोटात नाही माय, दंडात," सिस्टर दोन्ही बाह्या वर सारायला सांगतात. "आज दोन्हीकडे थोडी-थोडी. मग गुरुवारी या. मग पुढच्या सोमवारी. आणि शेवटची आजपासून चार आठवड्यांनी, सोमवारीच."

म्हातारी बोटांवर मोजते. चारावर थांबते, पुन्हा पहिल्यापासून मोजते.