वढू बुद्रुक : दूरदेशी वाढलेल्या मुलांची आठवण

पुणे शहर मागे टाकून नगर रस्त्याने निघाले की खराडीच्या काचेच्या इमारती दृष्टीस पडतात. तेथील संगणक कंपन्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात; माणसे पुण्यात असतात आणि कामाचे घड्याळ अमेरिकेचे असते. पुढे वाघोली लागते. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील शेकडो मुले येथे भारतीय जैन संघटनेच्या संकुलात, घरापासून दूर राहून शिकली. कोरेगाव भीमापासून आत वळल्यावर थोड्याच अंतरावर भीमाकाठचे वढू बुद्रुक येते.

येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ रोजी त्यांना देहदंड झाला, तेव्हा त्यांच्या वयाची ३२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दरवर्षी फाल्गुन अमावास्येला येथे मोठा जनसमुदाय लोटतो. एरवी मात्र परिसर शांत असतो.

जूनच्या एका सकाळी घोडनदीच्या बाजारपेठेतील एक वयोवृद्ध व्यापारी आपला मुलगा, सून व दहा वर्षांच्या नातीसह येथे आले. मुलगा कॅलिफोर्नियात संगणक अभियंता. तिकडे रात्रीचे आठ वाजले की इकडे सकाळचे साडेआठ होतात. दुकान उघडण्यापूर्वी आजोबांचा नातीशी व्हिडिओ कॉल ठरलेला. नातीला नवकार मंत्र मुखोद्गत आहे. मराठी तिला समजते, पण उत्तर इंग्रजीतून येते. म्हणून दोघांचे बोलणे बहुधा ‘जेवलीस का?’ आणि ‘हो’ यापलीकडे जात नाही.

समाधीजवळच्या फलकावर तिने मोबाईल धरला. क्षणात मराठी मजकूर इंग्रजीत उमटला. तो वाचून तिने अडखळत विचारले, “दादाजी, यांना मुलगा होता?”

आजोबा पायरीवर बसले. त्यांनी शाहू महाराजांची हकिकत सांगितली. १६८९मध्ये रायगड पडला, तेव्हा शाहू अवघे ७ वर्षांचे होते. मातोश्री येसूबाईंसह ते मुघलांच्या कैदेत गेले आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली सुटले. येसूबाईंची सुटका तर १७१९मध्ये झाली. सारे बालपण व तारुण्य शत्रूच्या छावणीत काढूनही शाहू परतले आणि साताऱ्यास छत्रपती झाले.

“मग ते मराठी विसरले नाहीत?”

“आई जवळ होती ना, बेटा.”

मुलगा व सून एकमेकांकडे पाहत स्तब्ध उभे राहिले. घरात इंग्रजी कधी शिरली, हे त्यांनाही नेमके सांगता आले नसते. बालवाडीत मूल मागे पडू नये म्हणून प्रारंभ झाला. पुढे तीच सवय झाली.

तुलनेला अर्थातच मर्यादा आहेत. येसूबाई कैदेत होत्या; आजचे आईवडील स्वेच्छेने, उत्कर्षासाठी गेलेले आहेत आणि त्यांच्या हाताशी साधनेही आहेत. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झाले, तेथील जैन संघांची ‘जैना’ ही संस्थाही त्याच वर्षीची. मराठी शाळा आणि जैन पाठशाळा अनेक गावांत भरतात. परंतु आठवड्यातील तास-दोन तासांवर भाषा तग धरत नाही. तिला रोजचे जेवण, रोजचे रुसणे-फुगणे लागते. मोबाईल शब्दाचा अर्थ सांगतो. तो शब्द ज्याच्याशी बोलायचा, ते माणूस घरातच असावे लागते.

परतीच्या वाटेवर सुनेने सुचविले की रात्रीच्या जेवणाला घरात मराठीच बोलावी. नातीने लगेच अट घातली, “पण बाबांनी चुकून इंग्रजी बोललं तर?” “तर एक गोष्ट मराठीत सांगायची,” आजोबांनी दंड ठरविला.

घोडनदीस पोहोचल्यावर त्यांनी दुकानातील लाल कापडी पुठ्ठ्याची एक कोरी वही तिच्या हाती दिली. नव्या शब्दांचा जमाखर्च तीत लिहायचा होता. तिने पहिल्या पानावर स्वतःचे नाव देवनागरीत लिहिले. एक वेलांटी उलटी पडली. आजोबांनी ती तशीच राहू दिली आणि खाली त्या दिवसाची तिथी घातली.