पाठकोऱ्या कागदावरची आकाशगंगा

मंडळी, आज कोडिंगबद्दल अवाक्षर नाही. आज ग्रह जिंकायचे! सामान: एक ग्राफ पेपर, दोन पेन्सिली, थोडे पाठकोरे कागद आणि एक भरवशाचा भिडू. हा शेवटचा आयटम सगळ्यात महत्त्वाचा. का, ते पुढे येईलच.

ग्राफ पेपरवर बारा गोल काढायचे. हे ग्रह. प्रत्येकात १ ते ३ पैकी एक आकडा. ग्रह ताब्यात असेल तर दर चालीला तेवढी जहाजं तयार. दोघांनी समोरासमोरच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची. जहाज एका चालीत एक चौकोन सरकतं. गंमत अशी की हुकूम आपापल्या चिठ्ठीवर गुपचूप लिहायचे: "४ वरून ७ कडे, ६ जहाजं, नवव्या चालीला पोचणार." पोचल्यावरच जाहीर करायचं. गुपचूप हुकूम लिहिण्याचा फंडा काही आमचा नाही, १९५९ मध्ये आलेल्या 'डिप्लोमसी' या बोर्ड गेममध्ये तो आहेच.

हॉस्टेलवर मी आणि माझा रूम पार्टनर सबमिशनच्या रात्रीसुद्धा हा खेळ खेळायचो. सुरुवातीला लढाई म्हणजे सरळ वजाबाकी. १० विरुद्ध ६, उरली ४. पण मग जहाजं एकदम पाठवा नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी, फरक शून्य. बोअर! पार्टनरने कुठूनतरी लँचेस्टरचा नियम शोधून आणला. हा इंग्लंडचा इंजिनिअर, मोटारी बनवणारा. विमानांच्या युद्धावरच्या १९१६ च्या पुस्तकात त्याने मांडलं की सगळे सगळ्यांवर गोळीबार करू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची. म्हणजे १०० वजा ३६, उरले ६४, वर्गमूळ ८. चार नाही, आठ जहाजं शिल्लक! आणि दहांवर पाच-पाचच्या दोन तुकड्या सोडल्या तर दहावाल्याची जवळपास सात जहाजं वाचतात. एका नियमाने अख्खा खेळ बदलला. आता थांबणं, जमवणं, योग्य वेळेची वाट बघणं यालाच किंमत आली.

आता भरवशाचा मुद्दा. चिठ्ठी तुमच्याच खिशात, मग सहाची नऊ जहाजं करायला कितीसा वेळ लागतो? कॉम्प्युटरवर हे सर्व्हर सांभाळतो. कागदावर फक्त एक नियम: डाव संपला की सगळ्या चिठ्ठ्या उघड्या करायच्या.

२०२३ मध्ये ले-ऑफमध्ये पार्टनरची नोकरी गेली. तो बंगळूरला, मी पुण्यात. फोन केला की "चाललंय रे" याच्यापुढे गाडी सरकेना. शेवटी मी एका रात्री बारा ग्रहांचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, "वर्गाचा नियम ना?"

रोज रात्री एक चाल. आधी हॅश पाठवून हुकूम सीलबंद करता आला असता, पण दोघांपैकी कोणी तो विषयही काढला नाही. नोकरीबद्दलही नाही. आठवडाभर त्याची एकही स्वारी आली नाही. मला वाटलं, याचं लक्षच नाही. एकोणिसाव्या चालीला तीन दिशांनी निघालेली त्याची जहाजं एकाच वेळी माझ्या मुख्य ग्रहावर उतरली. बावीस! माझी तिथे तेरा. खेळ खल्लास.

नियमाप्रमाणे त्याने चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. त्याच कागदांच्या कडेला कंपन्यांची यादी होती. इंटरव्ह्यूच्या तारखा, पुढे फुल्या. अकरा फुल्या. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि कागद फाडून नुसते हुकूम पाठवणंही त्याला सहज जमलं असतं.

मी जहाजांचा हिशोब तपासला. चोख होता. मग फोन लावला आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, "बाराव्याची तयारी दोघं मिळून करूया का?"

"कर की," तो म्हणाला, "एकेकट्याने लढून वर्ग होत नाही राव."